सटाण्याची लाईन

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि तीसुद्धा तोंडाने नाही, रुळांनी. त्या थापेपायी माझं लग्न जमलं, मोडलं आणि पुन्हा अडलं. त्या दिवसांत मला जे धक्क्यावर धक्के बसले ते आठवले की आज या वयातही मी चहाचा कप खाली ठेवते.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि दुसरी लढाई अजून यायची होती. बाबा नाशिक रोडच्या मालधक्क्यावर कारकून. दिवसभर रेल्वे करून माणसाचं पोट भरावं की नाही? पण नाही, घरी आले की पुन्हा रेल्वे! आमच्या पुढच्या खोलीत जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेलं एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्यावर देवळालीपासून मनमाडपर्यंतची सगळी लाईन मांडलेली होती. चावीचं विलायती इंजिन, रॉकेलच्या पत्र्याचे डबे, बोटभर उंचीचे सिग्नल. या उद्योगात बाबांचे दोन साथीदार. एक देवळाली कॅम्पातले घड्याळजी, साहेबलोकांची घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. दुसरे हायस्कुलातले ड्रॉइंगमास्तर. तिघंही बायकापोरांची माणसं, पण रविवारी दुपारी त्या टेबलाशी उभे राहिले की घराला आग लागली तरी मान वर करतील तर शपथ.

त्यांचा नियम एकच. रुळावर नाही, ते टेबलावर नाही. खऱ्या लाईनीवर जे नाही ते मांडायचं नाही आणि जे आहे ते सोडायचं नाही. ओढा ते निफाड तारेचे खांब किती, हे तिघं चालत जाऊन मोजून आले, तेही वैशाखात. चाचांना उन्हाचा ताप भरला तरी खांब चुकला नाही म्हणून खूश! नाशिक रोडच्या फलाटाजवळचा लिंब वादळात पडला, तर बाबा ऑफिसातून आले ते डोक्यावरची टोपीही न काढता टेबलाकडे गेले आणि तो इवलासा लिंब त्यांनी चिमट्याने उपटून टाकला. "पडला," एवढंच म्हणाले. मी एकदा हौसेने मातीची गाय करून लासलगावबाहेर उभी केली, तर मास्तरांनी फूटपट्टी काढली. "बाळ, ही गाय इंजिनापेक्षा उंच आहे हो." झालं, गाय हद्दपार.

डोंगर मात्र माझे. रद्दी कागद भिजवायचा, उखळात कुटायचा, त्यात मेथीची पूड कालवायची आणि तो लगदा थापून डोंगर उभे करायचे. माझ्या हातचे डोंगर त्यांना पसंत होते, कारण ते मी खिडकीतून दिसायचे तसेच करत असे. रुळांखाली खडी म्हणून आईच्या डब्यातली खसखस गेली, तेव्हा आई म्हणाली, "घ्या, सगळं घर घ्या. मला तेवढी चुलीपुढे बसायला जागा ठेवा." कोणी हसलं नाही, कारण कोणी ऐकलंच नव्हतं.

पण त्या टेबलाचा गावात दबदबा होता हो. निफाडची मालाची वखार स्टेशनाच्या कुठल्या अंगाला, यावरून दोन व्यापाऱ्यांची जुंपली होती. तिसरा म्हणाला, भांडता कशाला, टेबल बघून या. आले, बघितलं आणि गुमान परत गेले. तिथे खोटं चालत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

तर एका रविवारी ड्रॉइंगमास्तर आपल्याबरोबर एका तरुण माणसाला घेऊन आले. सटाण्याचा, शिक्षकाच्या ट्रेनिंगसाठी नाशकात राहिलेला. तो इंजिनाकडे बघेचना. वाकून माझ्या डोंगराचा वास घेतला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," मी दारातून म्हटलं.

"मेथी घातलीत ना? बरं केलंत. माझी आई अशा टोपल्या करते. मेथी नसली की वाळवी लागते."

मी बघतच राहिले. पुरुषमाणसाला मेथी कशाला घालतात हे माहीत? आमच्या घरात तर मीठ कुठे असतं हे बाबांना विचारलं असतं तर त्यांनी मनमाड सांगितलं असतं. स्पष्टच सांगते, मला तो आवडला. तेव्हा मुलींनी असं म्हणायचं नसे, पण आवडायला कोणाची परवानगी लागते?

मास्तरांनी महिनाभरात माझ्यासाठी शब्द टाकला. मुलगा चांगला, घर चांगलं, वडिलांची शेती आणि दुकान. बाबांनाही मुलगा पसंत होता. पण त्यांनी एकच विचारलं, "सटाण्याला रूळ कुठाय?"

इथे त्यांची एक जुनी जखम होती. बाबांची धाकटी बहीण सुरगाण्याकडे दिलेली. बाळंतपणात अडली. निरोप उशिरा आला आणि बैलगाडी त्याहून उशिरा पोचली. बाबा दारात उतरले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली, जिथे रूळ नाही तिथे मुलगी द्यायची नाही. गाडी असली की मुलगी हाकेच्या अंतरावर, असं त्यांचं म्हणणं. आणि सटाण्याला जायचं तर मनमाडला उतरून पुढे धुळीतून सर्व्हिस मोटार, ती नाही मिळाली तर बैलगाडी.

मी आतल्या खोलीत जाऊन रडले. मग रडू आवरलं आणि राग आला. पण बोलणार कोणापुढे? बाबांची शपथ म्हणजे दगडावरची रेघ.

पुढच्या रविवारी मी आणि आई पंचवटीत देवदर्शनाला गेलो होतो. परत आलो तर अंगणातच हसण्याचा आवाज. पुढच्या खोलीतून! तिथे तिघं असताना कधी कोणी हसत नसे. फार तर खांबांवरून भांडण. आई दारातच थबकली. "अगं बाई, यांना काही झालं का?"

मी आत डोकावले आणि माझे डोळेच पांढरे झाले.

मनमाडच्या स्टेशनातून एक नवी लाईन फुटली होती! टेबल संपलं तिथे त्याला आमचा पाट जोडला होता, पाट संपला तिथे पोळपाट, आणि त्या सगळ्यावरून रूळ ऐटीत वळत गेले होते. बाबा धोतराचा काचा मारून गुडघ्यांवर बसले होते आणि चक्क गुणगुणत होते. चाचा बोगदा खोदत होते.

"चाचा, मनमाड-सटाणा वाटेत बोगदा कुठला?" मी किंचाळलेच.

"नाही ना? म्हणून तर खोदतोय बेटी!" चाचा म्हणाले. "उभी जिंदगी सपाट लाईन केली. एक तरी बोगदा मला मिळू दे."

मास्तरांकडे बघितलं तर आणखी कहर. त्यांनी रुळाच्या कडेने आंबे लावले होते, त्यांना मोहोरही आणि पाडही, एकाच वेळी. शेजारी पळस फुललेला. पूल आधी बांधला होता आणि मग त्याच्याखाली नदी रंगवत होते. सिग्नल सगळे पडलेले, म्हणजे रस्ता मोकळा. "ह्या लाईनीवर गाडी थांबवायची नाही," बाबा म्हणाले. आणि पोळपाटाच्या टोकाला सटाणा. स्टेशन, त्याच्यासमोर एक घर, घराच्या पायरीला फलाट चिकटलेला. डब्यातून पाय काढला की थेट ओसरीत!

मी हात टेकले. माझ्या गायीला दोन बोटं उंचीसाठी हाकलणारी हीच माणसं का? "बाबा, हे काय आहे? अशी लाईन नाहीच आहे!"

बाबांनी वर बघितलं. तोंड एकदम गंभीर. "माझी शपथ काय होती? रूळ असेल तिथेच मुलगी देईन. आता आहे की रूळ." आणि त्यांनी इंजिनाला चावी दिली.

गाडी मनमाडहून निघाली, चाचांच्या बोगद्यात घुसली, पलीकडून बाहेर आली, आणि ते तीन टक्कल पडलेले बाप्ये टाळ्या पिटायला लागले. मला हसावं की रडावं कळेना. शपथ मोडायची नाही म्हणून नियम मोडायचा, आणि तोही इतक्या आनंदाने! आई पोळपाट बघत होती. "आज पोळ्या नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली.

मुलाकडच्यांना बोलावणं गेलं. पाहुणे यायच्या दिवशी आईने टेबलावर मोठी चादर घातली. मी म्हटलं, लाईन काढून तरी टाका. पण तिघांचा जीव जडला होता तिच्यावर. "चादर आहे ना," बाबा म्हणाले. चाचा आणि मास्तर सकाळपासून येऊन बसले होते, लग्न त्यांच्याच मुलीचं असल्यासारखे.

मुलगा आणि त्याचे वडील आले. वडील उंचेपुरे, फेट्याचे, बोलायला मोकळे. आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण दचकले की त्यांची बागलाणी बाहेर यायची. बसतात न बसतात तोच म्हणाले, "आमचा पोरगा त्या टेबलाचं लई कौतुक सांगतो. म्हणतो, तिथं खोटं एक खिळासुद्धा नाही. कुठाय ते?" आणि बाबा हां हां म्हणेपर्यंत त्यांनी चादर उचलली.

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. मुलाचे वडील देवळालीपासून बघत निघाले. ओढा, निफाड, लासलगाव, मनमाड. आणि मनमाडला त्यांचं बोट वळलं. बोगदा, पूल, आंबे. बोट पोळपाटाच्या टोकाला जाऊन थांबलं.

"हाई आमनं सटाणं शे?"

मास्तर आढ्याकडे बघू लागले. चाचांना खोकला आला.

"रेल्वे येणार सटाण्याला?" ते बाबांकडे वळले. "तुम्ही आतले लोक. तुम्हाला आधी कळणारच! अरे देवा. मी तर सडकेकडचं शेत विकायला काढलं होतं हो. आता कशाला विकतो? शेजारचंही घेतो! मोक्याची जागा होणार ती." त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "मुलगी पसंत. आम्हाला देणंघेणं काही नको. तुम्ही फक्त तारीख काढा."

बाबांचं तोंड उघडलं आणि मिटलं. एक खांब चुकला तर रात्रभर तळमळणारे माझे बाबा! मी मुलाकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. त्याच वाटेने तर तो आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण तोही गप्प होता, कारण त्यालाही हे लग्न हवं होतं. सगळ्यांना हवं होतं. मला तर सगळ्यात जास्त. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं.

"ती लाईन खोटी आहे," मी म्हटलं.

मीच दचकले. दाखवायला आणलेल्या मुलीने नाव विचारलं तर नाव सांगायचं, एवढीच तिला मुभा. बाबा ओरडले, "अगं!"

"रेल्वे येणार नाही. हे तिघांनी गंमत म्हणून घातलंय. तुम्ही शेत घेऊ नका."

मुलाच्या वडिलांनी बाबांचे हात सोडले. "खरं का?"

"खरं आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मीच घातली."

ते उठले. फेटा सारखा केला. पोह्यांना हातही न लावता म्हणाले, "कळवतो." आपल्याकडे कळवतो म्हणजे काय ते सांगायला नको. मुलगा त्यांच्या मागे गेला. दोघं फाटकातून बाहेर पडले. मी माझ्या हाताने, माझ्या तोंडाने, स्वतःचं लग्न मोडलं होतं.

घरात कोणी मला रागावलं नाही, तेच जास्त लागलं. बाबा टेबलाकडे फिरकेनात. चाचा एकदा येऊन आपला बोगदा काढून घेऊन गेले. आई पोळपाट घासून पुसून फळीवर ठेवून मोकळी झाली. मी दळायला बसले की मुद्दाम जोरात दळत असे, म्हणजे कोणी काही विचारू नये.

असेच बरेच दिवस गेले. आणि एका दुपारी फाटक वाजलं. बघते तर मुलाचे वडील, पायांपासून फेट्यापर्यंत धुळीने माखलेले, आणि मागे मुलगा. मी आत पळाले. बाबा हातातलं टाकून उभे राहिले.

"आधीच येणार होतो," ते खाली बसत म्हणाले. "पण रूळ नाही ना आमच्याकडे, म्हणून उशीर झाला." आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग म्हणाले, "घरी गेलो तेव्हा डोकं फिरलेलं होतं. तुमच्यावर, पोरावर, सगळ्यांवर. मग शांतपणे बसलो. म्हटलं, त्या पोरीने तोंड उघडलं नसतं तर मी शेजारचं शेत घेऊन बसलो असतो आणि जन्मभर गाडीची शिट्टी ऐकत राहिलो असतो. तिचंच नुकसान होत होतं, तरी बोलली. अशी सून कुठं शोधू? मुलगी द्या आम्हाला."

दाराआड मी भिंतीला टेकले. माझे कान गरम झाले होते. आता बाबा हो म्हणणार!

बाबांनी घसा साफ केला. आणि मग म्हणाले, "पण... रूळ नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मुलाचे वडीलही आ वासून बघत राहिले. "अहो, त्या दिवशी तर..."

"तो खोटा होता. खोट्या रुळावर मी शपथ मोडत होतो, त्याचीच शिक्षा मिळाली. माझ्या बहिणीचं काय झालं तुम्हाला माहीत नाही. मुलगी आजारी पडली, तिला घरची आठवण आली, तर ती येणार कशी? गाडी नाही तिथे मुलगी देणार नाही. माफ करा." त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. ढोंग नव्हतं त्यात, मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी सुन्न झाले. नियम मोडायला नाचत होते आणि आता नियमाने माझा गळा धरला होता.

मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. मुलगा उठायला लागला.

"थांबा," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत. परक्या पुरुषांसमोर ती उभ्या जन्मात बोलली नव्हती. बाबा वळून बघू लागले, कोण बोललं म्हणून.

"माझं माहेर चाळीसगाव," ती म्हणाली. "स्टेशनाला लागून घर. इथे बसायचं आणि तिथे उतरायचं. मध्ये गाडीसुद्धा बदलायची नाही. रेल्वेच्या माणसाला पास फुकट."

"अगं, आत्ता हे कशाला..."

"माझी आई आजारी होती तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, मला पोचवा. बाईमाणसाने एकटं जायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, या रविवारी पुलाच्या कमानी मोजायच्या आहेत, पुढच्या रविवारी बघू." तिचा आवाज चढला नाही. "पुढच्या रविवारी ती नव्हती. गाडी मात्र त्या दिवशीसुद्धा वेळेवर सुटली होती."

मला हे माहीतच नव्हतं. आजी गेली तेव्हा मी लहान होते. आई चुलीपुढे बसून होती, एवढंच आठवत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, या बाईला मी आजवर कधी बघितलंच नाही. बाबांनी टेबलाची कड धरली.

आई मुलाच्या वडिलांकडे वळली. "रूळ नसला तर नसो. माझी पोर म्हणाली, मला आईकडे जायचंय, तर त्या दिवशी पाठवाल का? पुढच्या रविवारी नव्हे. त्या दिवशी. तेवढं सांगा."

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "बैल जुंपून मी सोता मनमाडला आणून गाडीत बसवीन."

"मी सोबत येईन," मुलगा म्हणाला.

"मग दिली," आई म्हणाली. बाबांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.